विश्लेषण : गिटारवर बोटे पळतात, पण सूर का गात नाही?

बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव किंवा मलकापूर. यातल्या कुठल्याही गावात मुलाने किंवा मुलीने गिटार मागितली की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. शिकवणार कोण? आणि वाजवता यायला किती दिवस लागतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता बहुतेक वेळा ‘मोबाईल’ असेच असते. दुसऱ्याचे उत्तर बोटे किती वेगाने फिरतात यावरून दिले जाते. या दोन उत्तरांतून एक समजूत पक्की झाली आहे : आधी हात बसू द्यावा, वेग येऊ द्यावा, भाव नंतर आपोआप येईल.

ही समजूत चुकीची आहे. गिटारच्या बाबतीत तर ती शिकणाऱ्याचे थेट नुकसान करते. या वाद्याचे सगळे तंत्रच मुळी सूर गाता करण्यासाठी तयार झालेले आहे. गाणे बाजूला ठेवून शिकलेले तंत्र नुसती कवायत ठरते आणि कवायतीला कंटाळलेली गिटार काही महिन्यांत कपाटावर जाऊन पडते. हे समजून घ्यायचे तर स्पेनला जाण्याआधी मेहकरला जायला हवे.

मेहकरच्या कवीचा गिटारशी संबंध काय?

कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ सालचा, बुलढाणा जिल्ह्यातला. त्यांनी आयुष्यभर मेहकरला वकिली केली आणि तिथेच राहून कविता लिहिली. ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी गाऊन ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना या ध्वनिमुद्रिकेचे नाव सर्वांत आधी घेतले जाते.

त्या काळात मराठी कानांना सवय होती ती नाट्यसंगीताची. पदाचे शब्द एकदा सांगून झाले की गायक ताना, आलाप, लयकारी यांत रमायचा आणि श्रोते त्याच्या तयारीला दाद द्यायचे. भावगीताने हा हिशेब बदलला. शब्दाचा अर्थ पोहोचवणे हे पहिले काम ठरले. गळ्याची तयारी राहिली, पण ती शब्दाच्या सेवेत आली. एखादी ओळ कुठे सोडायची, कोणत्या अक्षरावर थांबायचे, कुठे आवाज हलका करायचा, हे नवे कौशल्य झाले. भावगीत गायला तयारी कमी लागते, असा याचा अर्थ नाही. तयारी कशासाठी, याचे उत्तर तेवढे बदलले.

हेच जी. एन. जोशी पुढे ‘एचएमव्ही’ या ध्वनिमुद्रण कंपनीत दाखल झाले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेचे ते निर्माते. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस वेगवेगळ्या प्रहरांच्या रागांतून मांडणारी ही ध्वनिमुद्रिका. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबल्यावर माणिकराव पोपटकर आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतात गिटार हे गंभीर वाद्य असू शकते, हे असंख्य घरांत या एका ध्वनिमुद्रिकेने पोहोचवले.

मेहकरच्या कवीची कविता भावगीत करणारा गायक आणि गिटारला रागसंगीतात मानाची जागा देणाऱ्या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता एकच होता. दोन्ही ठिकाणी प्रश्नही एकच होता : कौशल्य दाखवायचे की त्या कौशल्यातून काही सांगायचे?

गिटारची मूळ अडचण कोणती?

गायकाने ‘सा’ लावला की तो त्याला श्वास पुरेल तोवर धरता येतो. हवा तिथे मोठा करता येतो, हवा तिथे बारीक करता येतो. बासरीवाला फुंकर वाढवतो, व्हायोलिनवाला गजाचा दाब वाढवतो. गिटारवाल्याकडे ही सोय नाही. तार छेडली की आवाज जवळजवळ त्याच क्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच उतरायला लागतो. एकदा छेडलेला सूर नंतर मोठा करण्याचा कोणताही उपाय वाजवणाऱ्याच्या हातात नसतो.

दुसरी अडचण फ्रेटची. गिटारच्या गळ्यावर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. त्यांच्यामुळे सूर जागच्या जागी मिळतो, पण दोन सुरांमधली वाट तुटते. शीळ घालणाऱ्याचा सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मध्ये कुठे सांधा दिसत नाही. गिटारवर मात्र दर पावलाला पायरी आहे.

थोडक्यात, गिटारवरचा प्रत्येक सूर जन्मतःच विझायला लागतो आणि शेजारच्या सुरापासून तुटलेला असतो. अशा सुरांतून सलग गाणे ऐकू आले पाहिजे, हे या वाद्यापुढचे आव्हान. गेल्या दोनशे वर्षांत जगभर गिटारचे जे तंत्र घडले, त्यातला फार मोठा भाग या दोन अडचणींवरचा तोडगा आहे. म्हणून गिटारमध्ये तंत्र एकीकडे आणि भाव दुसरीकडे अशी वाटणी करता येत नाही.

काब्रांनी कोणता मार्ग निवडला?

ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) मूळचे जोधपूरचे, सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी ठेवली आणि डाव्या हाताने तारांवरून धातूचा तुकडा सरकवत सूर काढले. हवाई बेटांतून आलेली ही पद्धत आपल्याकडे ‘हवाईयन गिटार’ म्हणून सिनेसंगीतात आणि घरगुती मैफलींत आधीच रुळली होती. काब्रांनी ती रागसंगीताच्या कामाला लावली.

तुकडा फ्रेटवर न दाबता तारेवरून सरकवला की पायऱ्या नाहीशा होतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते, म्हणजेच मींड घेता येते. रागसंगीताचा जीव मींडेत आहे. मींड नसेल तर दरबारीचा गंधार किंवा अहिर भैरवातला ऋषभ नुसता उच्चारला जातो, तो आंदोलित होत नाही. काब्रांना हवे असलेले गाणे साध्या धरण्याने मिळत नव्हते, म्हणून त्यांनी धरणे बदलले.

पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांनी वाद्याची रचनाच बदलली. त्यांच्या मोहनवीणेत गिटारच्या अंगाला चिकारीच्या आणि तरफांच्या तारा जोडल्या. छेडलेल्या सुराबरोबर तरफा आपोआप झंकारतात आणि विझणाऱ्या सुराला मागून आधार मिळतो. राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इथेही क्रम तोच. आधी कानात गाणे, मग त्यासाठी हात आणि वाद्य.

पाश्चात्त्य शास्त्रीय गिटारने काय केले?

नायलॉनच्या तारांची, मांडीवर उभी धरून बोटांनी वाजवायची ती शास्त्रीय गिटार. तिथे धातूचा तुकडा नाही, तरफा नाहीत. तोडगा सगळा दोन हातांतच शोधावा लागला.

उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांना स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांवरून ‘पी, आय, एम, ए’ म्हणतात. सुरावट सहसा शेवटच्या तीन बोटांकडे, खर्ज अंगठ्याकडे. छेडण्याचे मुख्य प्रकार दोन. एकात बोट तार छेडून शेजारच्या तारेवर टेकते. त्यातून भरीव, गोल सूर निघतो आणि सुरावट उठून दिसते. दुसऱ्यात बोट तार छेडून मोकळे वर येते. तो सूर हलका असतो आणि शेजारच्या तारा वाजत राहतात. कोणता सूर पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा, हे यावर ठरते. गाण्यात आपण एका शब्दावर जोर देतो आणि दुसरा सहज सोडून देतो, तसेच.

छेडण्याची जागाही महत्त्वाची. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला जिथे बांधलेल्या असतात तिथे, छेडल्यास सूर टोकदार आणि पातळ येतो. गोल भोकाच्या वर, गळ्याकडे सरकल्यास तोच सूर मऊ आणि जाड होतो. हात काही बोटे इकडे-तिकडे सरकला की आवाजाचा रंग बदलतो. स्पेनचे फर्नांदो सोर (१७७८-१८३९) यांनी आपल्या १८३०च्या गिटारविषयक ग्रंथात याच युक्तीने इतर वाद्यांच्या आवाजाची छटा कशी आणावी याची चर्चा केली आहे. जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या शिकवणीच्या पुस्तकातही आवाजाच्या रंगाला अशी जागा होती.

डाव्या हाताचे पहिले काम सूर दाबणे. त्याहून अवघड काम म्हणजे योग्य वेळी सोडणे. पुढचा सूर छेडला जाण्याआधीच बोट उचलले तर मध्ये बारीकशी फट पडते आणि गाणे तुटते. बोट शेवटपर्यंत धरून ठेवले तर विझता सूर पुढच्या सुराला भेटतो आणि कानाला सलगता वाटते. दाबलेले बोट तारेच्या दिशेने मागेपुढे हलवले की सूर किंचित थरथरतो आणि विझतानाही जिवंत वाटतो.

फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) यांची ‘रेकुएर्दोस दे ला आल्हांब्रा’ ही रचना गिटार शिकणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी वाजवायची असते. तिच्यात अंगठा खर्ज वाजवतो आणि मागोमाग अनामिका, मधले बोट, तर्जनी एकच सूर तीनदा छेडतात. वेगाने वाजले की तुटक ठोके मिटतात आणि सूर लांबवर धरल्याचा भास होतो. इथे वेग लागतो, आणि भरपूर लागतो. पण तो ठोके लपवण्यासाठी आहे. ऐकणाऱ्याला बोटांची धावपळ ऐकू आली तर रचना फसली. नव्या शिकाऊंच्या चित्रफितींत नेमके उलटे घडते. धावपळ तेवढी ऐकू येते आणि सुरावट हरवते.

एकच ‘बरोबर’ तंत्र असते का?

याचे उत्तर गिटारच्या इतिहासानेच दिले आहे. सोर नखे न वापरता बोटांच्या मांसल टोकांनी वाजवत. त्यांचे समकालीन दिओनिसिओ आग्वादो (१७८४-१८४९) नखांनी वाजवत. एकाला गोल, गळ्यासारखा सूर हवा होता, दुसऱ्याला स्पष्टता आणि चमक. दोघे पॅरिसमध्ये मित्र होते आणि सोरनी दोन गिटारींसाठीच्या एका रचनेला ‘दोन मित्र’ असेच नाव दिले. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोविया (१८९३-१९८७) यांनी मांस आणि नख दोन्हींचा मेळ घातला आणि गिटार मोठ्या सभागृहांत नेली.

दोन थोर वादक, दोन विरुद्ध पद्धती, दोन्ही बरोबर. कारण प्रत्येकाने आधी आवाज निवडला आणि मग हात त्याप्रमाणे घडवला. ‘हात असाच ठेवायचा’ हे सांगणाऱ्या शिक्षकाने किंवा चित्रफितीने ‘कोणत्या आवाजासाठी’ हेही सांगायला हवे. तेवढे वाक्य गाळले की तंत्राचा नियम होतो आणि नियम पाळणे हेच ध्येय बनते.

पण तंत्राशिवाय भाव पोहोचेल का?

हा आक्षेप रास्त आहे. बोट वेळेवर पोहोचत नसेल तर मनातली ओळ मनातच राहते. भाव आहे पण हात नाही, अशा वादकाचा सूर ऐकवत नाही. सरगम, पलटे, आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक छेडण्याचा सराव, हे टाळून कोणी वादक झालेला नाही.

म्हणून वाद सरावाचा नाही, सरावात काय ऐकायचे याचा आहे. आपल्याकडच्या रियाजाकडे नीट पाहिले तर हे लक्षात येते. गवयाचा पहाटेचा खर्जाचा रियाज म्हणजे एकच सूर तासभर लावणे. तिथे वेग शून्य. तरी ते सर्वांत कठीण तंत्र आहे, कारण सुराचा प्रत्येक क्षण कानाने तपासावा लागतो. ती साधना तंत्राची की भावाची, असा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. ‘आधी तंत्र, मग भाव’ हा क्रम परंपरेने सांगितला असे मानणे हा परंपरेवर अन्याय आहे.

परीक्षाही तेच सांगतात. भारतात अनेक विद्यार्थी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा देतात. तिथे सादर केलेल्या प्रत्येक रचनेला २२ गुण असतात. त्यातले ७ अचूकता आणि ओघासाठी, ७ तांत्रिक सफाईसाठी आणि ८ रचना समजून ती श्रोत्यापर्यंत पोहोचवण्यासाठी. सर्वांत मोठा वाटा अभिव्यक्तीचा आहे. तरीही शिकवण्यांचा बहुतेक वेळ पहिल्या दोन रकान्यांवर खर्च होतो आणि तिसरा रकाना ‘परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बघू’ म्हणून राहतो. दहावीला शास्त्रीय कलेसाठी वाढीव गुण मिळण्याची सोय राज्यात आहे. तिचा फायदा जरूर घ्यावा, पण गुणांसाठी घोटलेली कला गुण मिळाल्यावर सुटते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

आणखी एक धोका शरीराचा. आवाजाकडे लक्ष न देता केवळ वेग वाढवत नेला की हात आवळतात. डाव्या अंगठ्याचा दाब वाढतो, खांदा वर चढतो, मनगट दुखते. दुखत असताना वाजवत राहणे म्हणजे रियाज नव्हे. अमेरिकी गिटारवादक डेव्हिड लाइझनर यांना ऐन उमेदीत बोटांवरचे नियंत्रण जाण्याच्या विकाराने गाठले आणि त्यांची मैफलीची कारकीर्द अनेक वर्षे थांबली. बोटांऐवजी दंड आणि खांद्याच्या मोठ्या स्नायूंचा वापर नव्याने शिकून ते पुन्हा उभे राहिले. आवळलेल्या हाताचा आवाजही आवळलेला, कोरडा येतो. म्हणजे सुराकडे कान असेल तर दुखण्याची पहिली सूचनाही कानालाच मिळते.

मोबाईल काय शिकवतो आणि काय नाही?

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. छत्रपती संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर, नागपूर आणि पुणे त्याहून कितीतरी लांब. दर आठवड्याला शिकवणीसाठी तिकडे जाणे सामान्य घराला परवडणारे नाही. अशा वेळी मोबाईलला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बोट कुठे ठेवायचे, स्वरलिपी कशी वाचायची, मोठे वादक कसे बसतात, हे सगळे आज मेहकरच्या मुलालाही दिसते. एका पिढीपूर्वी ते मुंबईच्या मुलालाही सहज दिसत नव्हते.

मात्र मोबाईलची मर्यादा ओळखायला हवी. त्याच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ ऐकू येत नाही. आवाज रेकॉर्ड करताना अनेक फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि लहान आवाज उचलतात. त्यामुळे वादकाने केलेला हलक्या-जोराचा फरक पुसट होतो. आवाजाचे रंगही त्या स्पीकरमधून एकसारखे वाटतात. मग चित्रफितीत शिल्लक काय राहते? वेग आणि अचूकता. शिकणारा तेच पाहतो, तेच ऐकतो आणि गिटार म्हणजे एवढेच असे धरून चालतो. साधे हेडफोन लावले तरी यातला बराच भाग परत मिळतो. चांगल्या वादकाची एक रचना हेडफोनवर, पडदा बंद ठेवून, तीनदा ऐकणे हे दहा धडे पाहण्यापेक्षा जास्त शिकवणारे ठरू शकते.

आणि मोबाईल समोर बसून ऐकत नाही. ‘इथे तुझा सूर तुटला’, ‘ही ओळ घाईत गेली’ हे सांगणारा माणूस लागतो. तो गिटारवादकच असला पाहिजे असे मात्र नाही.

मग तो कान बुलढाण्यात कुठे मिळेल?

तो गावोगावच्या भजनात आहे. शेगावहून दरवर्षी आषाढीला गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते. या जिल्ह्यातल्या गावांना टाळ-मृदंगाची ओळख करून द्यावी लागत नाही. भजनात एकच ओळ अनेकदा म्हटली जाते, पण दर वेळी सारखी नाही. कधी पहिल्या शब्दावर जोर, कधी शेवटचा शब्द लांबवलेला, कधी मृदंग मुद्दाम थांबलेला. लय संथ सुरू होते आणि सगळे मिळून ती चढवतात. कीर्तनकाराला माहीत असते की एका वाक्यानंतरची शांतता त्या वाक्याहून जास्त सांगते. पाश्चात्त्य संगीताच्या पुस्तकांत ज्याला ‘फ्रेजिंग’ म्हणतात, म्हणजे ओळीचे श्वासाप्रमाणे तुकडे पाडणे, ते इथे वर्ग न भरवता शिकवले जाते.

गोंधळ्याचे तुणतुणे तर एकाच तारेचे. त्यावर सुरावट वाजतच नाही. तरी छेडण्याचा जोर कमी-जास्त करून तो गोंधळाची लय पेटती ठेवतो. सहा तारा हातात असलेल्या मुलाने त्या एका तारेकडे लक्ष देऊन पाहावे.

गिटार शिकणाऱ्या मुलाने गावातल्या भजनी मंडळात महिन्यातून दोनदा जाऊन बसावे, हा सल्ला विचित्र वाटेल. पण बोटांचे शिक्षण परदेशी चित्रफितीतून आणि कानाचे शिक्षण गावच्या मंदिरातून, ही जोडणी या जिल्ह्यात शक्य आहे. शहरातल्या अनेक मुलांकडे ती सोय नाही. भजनातले हार्मोनियमवाले काका गिटार वाजवत नसतील, पण तुटलेला सूर त्यांना लगेच कळतो.

रोजच्या अर्ध्या तासात काय बदलावे?

पहिली पाच मिनिटे एकच सूर. तो छेडायचा आणि पूर्ण विझेपर्यंत ऐकायचा. मग ब्रिजजवळ, मग भोकावर, मग गळ्याकडे. टेकवून आणि मोकळा. कोणता आवडला आणि का, हे स्वतःला सांगायचे.

पुढची पाच मिनिटे दोन सूर. पहिला तुटू न देता दुसऱ्यावर जायचे. दुसरा सूर पहिल्याच्या विझत्या आवाजाच्या पातळीवर छेडला तर दोन्ही एका श्वासात म्हटल्यासारखे वाटतात. हे जमायला महिनाही लागू शकतो आणि तो वाया गेलेला नसतो.

नंतरची दहा मिनिटे सरगम किंवा एखादा छोटा अभ्यासपाठ. मातेओ कार्कासी यांचे २५ अभ्यासपाठ (ओपस ६०) किंवा सोर यांचे सोपे पाठ यासाठी जगभर वापरले जातात, कारण ते सरावाचे असूनही गाणी आहेत. वर चढताना आवाज हळूहळू मोठा, उतरताना लहान. लय मेट्रोनोमवर ठेवावी, पण हा चढ-उतार बिघडला तर वेग वाढवू नये. वेग वाढवण्याची परवानगी कानाने द्यावी, घड्याळाने नव्हे.

शेवटची दहा मिनिटे एक ओळखीची चाल. भावगीत, अभंग, काहीही. आधी ती तोंडाने म्हणायची. श्वास कुठे घेतला ते लक्षात ठेवायचे. मग गिटारवर वाजवताना तिथेच हात सोडायचा. मोबाईलवर रेकॉर्ड करायचे, पण फोन उपडा ठेवून, म्हणजे फक्त आवाज. दुसऱ्या दिवशी ऐकायचे. गाणे ओळखू आले का एवढेच पाहू नये, शब्द ऐकू आल्यासारखे वाटले का, हे पाहावे.

गिटार घेताना काय पाहावे?

शास्त्रीय पद्धतीने शिकायचे तर नायलॉन तारांची, रुंद गळ्याची गिटारच घ्यावी. स्टीलच्या तारांच्या गिटारवर बोटांनी गोल सूर काढणे नवशिक्याला जड जाते. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नयेत. त्यांचा ताण जास्त असतो, ब्रिज उखडू शकतो. घाटाखालच्या खामगाव, शेगाव, मलकापूर पट्ट्यातला कोरडा उन्हाळा लाकडाला सोसत नाही. मे महिन्यात गिटार खिडकीच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवली तर तडा जाण्याची भीती असते. पेटीत बंद ठेवणे हा साधा उपाय आहे.

पालक आणि शाळांनी काय करावे?

स्नेहसंमेलनात सर्वांत वेगाने वाजवणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि मुले त्यावरून काय ते शिकतात. एखाद्या शाळेने गिटारसाठी एकच अट घालून पाहावी : चार ओळींची साधी चाल वाजवा, पण ती अशी वाजवा की समोरच्यांना गुणगुणावीशी वाटेल. जी मुलगी वर्षभर एकेक सूर ऐकत बसली, तिला त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या मेहनतीचे मोल कळेल. वेगवान मुलालाही कळेल की आपल्या वेगाला अजून काही काम द्यायचे बाकी आहे.

घरी विचारण्याचा प्रश्नही बदलता येतो. ‘किती गाणी आली?’ या प्रश्नाला मुले आकड्यात उत्तर देतात आणि आकडा वाढवण्याच्या मागे लागतात. त्याऐवजी दिवसातून एकदा, पाच मिनिटे, टीव्ही बंद करून मुलासमोर बसावे आणि ‘कालचीच ओळ परत वाजव’ म्हणावे. संगीतातले काही कळावे लागत नाही. कुणीतरी ऐकत आहे हे माहीत असले की वाजवणारा आपोआप सांगू लागतो. ती सांगण्याची गरज पहिल्या दिवसापासून हातात असेल, तर तंत्र तिच्या मागे येते.